उंबरठा आणि काला



मागे एका गावी कीर्तन आटोपल्यावर कॉलेजात शिकणारी एक मुलगी पाया पडून म्हणाली, "महाराज, वारीवरच्या आमच्या धड्यात 'कम्युनिटास' असा शब्द आहे. आपल्या भाषेत त्याला काय म्हणायचे?" मी पाठशाळेत शिकलेला, शब्द मला नवा. पण समजून घेतला, आणि आज तो तुमच्यापुढे ठेवतो.

आधी लक्षण पाहू. फ्रान्समधले पंडित आर्नोल्ड व्हान गेनेप यांनी १९०९ साली संस्कारविधींवर ग्रंथ लिहिला. माणसाची अवस्था पालटणाऱ्या विधीचे ते तीन भाग सांगतात : जुन्यातून सुटणे, मध्ये उंबरठ्यावर असणे, आणि नव्यात सामावणे. आपली मुंज घ्या. मातृभोजन झाले की पोर आईच्या ताटातून सुटले. मग लंगोटी, दंड, भिक्षावळ. पुढे सोडमुंज झाली की गृहस्थाश्रमाची वाट मोकळी. मधला बटू तो उंबरठ्यावरचा.

व्हिक्टर टर्नर हे आफ्रिकेत, आजच्या झांबियातल्या न्देम्बू लोकांत राहिलेले अभ्यासक. त्यांनी १९६९च्या ग्रंथात या मधल्या अवस्थेचा विचार पुढे नेला. उंबरठ्यावर असताना पद, मान, हुद्दा गळतो. मग माणसामाणसांत जो सरळ, बरोबरीचा संबंध जुळतो, तोच कम्युनिटास. समाज ही उभी शिडी. कोणी वर, कोणी खाली. हीच शिडी जमिनीवर आडवी ठेवा, सगळ्या पायऱ्या सारख्या! पुढे यात्रांचा विचार करताना त्यांनी पंढरीच्या वारीचाही दाखला घेतला.

कोणी म्हणेल, "आम्ही वारी चालतो. परक्या शब्दाची गरज काय?" बाबांनो, दिवा शेजारच्या घरचा असला तरी उजेडात आपलेच घर दिसते. आणि दिसते ते सगळेच गोड नसते.

इरावतीबाई कर्वे स्वतः दिंडीत चालल्या. त्यांच्या त्या लेखाचे इंग्रजी भाषांतर १९६२ साली छापले गेले. एकाच दिंडीत चालणे, गाणे एकत्र. पण ब्राह्मण आणि मराठे यांची जेवणे निराळी, याची खंत त्यांनी लिहून ठेवली आहे. दुसऱ्याचे कशाला? माझ्या तरुणपणी एका दिंडीत वीणेकरी बाबांच्या पायांवर सकाळी आम्ही सर्वांनी डोके ठेवले. दुपारी पंगत बसली तेव्हा बाबा आपली भाकरी घेऊन झाडाखाली वेगळे बसले. कोणी त्यांना ऊठ म्हटले नव्हते. कोणी या असेही म्हटले नाही. मीही नाही. त्या मुलीचा शब्द समजला तेव्हा मला ते झाड आठवले.

टर्नर आणखी एक मार्मिक गोष्ट सांगतात. हा समभाव आपोआप उपजतो, पण तसाच टिकत नाही. टिकवायला नियम करावे लागतात. आणि नियम आले की शिडी हळूहळू पुन्हा उभी राहते. दिंडीची शिस्त हवीच; पण शिस्तीच्या आडून कोण वर चढतो, तेही पाहायला हवे. चोखोबांची समाधी महाद्वारापाशी. त्यांच्या लोकांना मात्र देवळाचा उंबरठा ओलांडता येत नव्हता. त्यासाठी साने गुरुजींना मे १९४७ मध्ये पंढरपुरात प्राणांतिक उपोषण करावे लागले. वाटेवरचा समभाव उंबरठ्याशी अडला होता, तो असा!

आता सिद्धान्त. आपल्या वारीचा शेवट दर्शनाने होत नाही, पौर्णिमेला गोपाळपुरी काल्याने होतो. मुंजीत जेवण ताट वेगळे करते. काला शिदोऱ्या एक करतो. हाच व्हान गेनेप यांचा तिसरा भाग, नव्यात सामावणे. पण काला खाऊन घरी गेल्यावर पंगत पुन्हा जुनीच बसली, तर आपण सामावलो कशात? नुसते चालून आलो.

म्हणून यंदा घरी परतल्यावर एक करा. ज्याच्या पायांवर वाटेत डोके ठेवले, त्याला आपल्या घरी पंगतीला बोलवा. माझे वीणेकरी बाबा आता नाहीत. माझे बोलावणे राहिले. तुमचे राहू नये.

पुंडलीक वरदे हरि विठ्ठल!