बोरॉन पोंग्यापर्यंत कसे पोहोचते?



नत्र कमी पडले की उसाची खालची पाने आधी पिवळी पडतात, कारण झाड जुन्या पानातले नत्र काढून नव्याला देते. बोरॉनचे तसे नाही. उसाच्या जुन्या पानात गेलेले बोरॉन बहुतांशी तिथेच अडकते. म्हणून त्याची उणीव खाली नव्हे, पोंग्यात दिसते.

काम काय? पेशीच्या भिंतीचे धागे एकमेकांना बांधून ठेवणे. जिथे नव्या पेशी बनतात तिथे, म्हणजे पोंगा, कोंब आणि मुळाचे टोक येथे, ते सतत लागते. पिकाला बोरॉनवाचून चालत नाही, हे १९२३ साली इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथे कॅथरीन वॉरिंग्टन यांनी दाखवून दिले.

वाट कोणती? मुळे पाण्याबरोबर बोरॉन घेतात. उन्हाने पानातून पाणी उडते, तशी वर ओढ लागते. मोठ्या पानातून पाणी जास्त उडते, म्हणून बोरॉनही तिकडे जास्त जाऊन कडेला साचते. गुंडाळलेल्या पोंग्यातून पाणी फारसे उडत नाही. मग त्याचा वाटा कोण देतो? त्यासाठी झाडात खास वाहक प्रथिने असतात. असे पहिले वाहक जपानी शास्त्रज्ञांनी २००२ साली शोधले. उसाच्याच गवत कुळातल्या भातात ते पेरांच्या गाठीवर बसून, चारीवरच्या दारासारखे, बोरॉन कोवळ्या पानाकडे वळवतात.

सफरचंदाच्या रसात सॉर्बिटॉल नावाचा पदार्थ असतो. तो बोरॉनला धरून जुन्या पानातून फळाकडे नेतो. उसाच्या रसातली साखर बोरॉनला तशी धरत नाही. त्यामुळे उसाला रोजचे बोरॉन मुळावाटे रोज मिळाले पाहिजे.

आपल्या शिवारात: अर्धापूर भागातील काळ्या, चुनखडीच्या जमिनीत बोरॉन मातीला धरून राहते. त्यात इसापूरच्या पाण्याची पाळी लांबली आणि वरचा थर सुकला, की मुळांना ते मिळत नाही. अशा वेळी खरी उणीव पुष्कळदा पाण्याचीच असते!

ओळख: कोवळ्या पानाच्या शिरांमध्ये पाणी भरल्यासारखे बारीक ठिपके, पाने आखूड व वेडीवाकडी, पुढे पोंगा वाळणे. पोक्का बोईंग रोगातही पोंगा असाच वेडावाकडा होतो. तेव्हा नुसत्या डोळ्यांनी निदान करू नये.

काय करावे?

१) लागणीपूर्वी माती तपासून घ्यावी. गरम पाण्यात विरघळणारे बोरॉन दहा लाख भागांत अर्ध्या भागाहून कमी असेल तरच खत द्यावे.

२) कमतरता असल्यास हेक्टरी ५ किलो (एकरी २ किलो) बोरॅक्स कुजलेल्या शेणखतात नीट मिसळून सरीत द्यावे. त्यात बोरॉन जेमतेम अर्धा किलो असते, पण उसाला तेवढे पुरते.

३) फवारणी करायचीच तर कोवळ्या पानांवर, शेतकी विभागाच्या सल्ल्याने करावी. आजची फवारणी उद्या फुटणाऱ्या पानाला फारशी पोहोचत नाही.

४) वाफसा टिकवावा. पाचट जाळू नये, सरीत आच्छादन करावे.

शेवटी एक इशारा. बोरॉनच्या कमी आणि जास्तीमधले अंतर फार थोडे आहे. युरियाप्रमाणे 'आणखी एक घमेले' टाकाल, तर जुन्या पानांचे शेंडे व कडा करपतील, आणि जमिनीत टाकलेले परत काढता येणार नाही. आधी तपासणी, मग बोरॅक्स!