गावाची चौकट कोरी का राहते?

धारणीची एक विद्यार्थिनी संगणकावर शिष्यवृत्तीचा अर्ज भरीत आहे अशी कल्पना करा. पडद्यावर एकाखाली एक तीन चौकटी आहेत : जिल्हा, तालुका आणि गाव. तिने 'अमरावती' निवडताच दुसऱ्या चौकटीत जिल्ह्याचे 14 तालुके दिसू लागतात. त्यांतून ती 'धारणी' निवडते. तिसरी चौकट मात्र कोरीच! हरिसाल नाही, दुसरे कोणतेही गाव नाही. चूक झाल्याची सूचनाही नाही. गाव भरल्यावाचून अर्ज पुढे सरकत नाही आणि मुदत तर उद्या संपते. हरिसाल, सेमाडोह, परतवाडा असा घाटरस्ता धरून अमरावतीस जावे, तर दिवस मोडतो आणि तेथेही पडद्यावर हेच दिसणार. कारण दोष अर्ज भरणारीचा नसून अर्ज रचणाऱ्याचा आहे.

हा दोष शोधावयाचा कसा?

प्रथम या चौकटींची रचना समजावून घेऊ. चौकटीत माहिती साठविलेली नसते. माहिती असते कोष्टकात, आणि चौकट त्या कोष्टकाशी जोडलेली असते. या जोडणीला संगणकशास्त्रात 'डेटा बाइंडिंग' म्हणतात. आपल्या अर्जात एक जोडणी दुसरीच्या पोटात आहे. जिल्हा ठरला की त्यावरून तालुक्यांची यादी ठरते व तालुका ठरला की गावांची. म्हणजे दोष एके ठिकाणी आणि अंधार दुसरीकडे, असे सहज घडू शकते.

दिव्यांच्या माळेचे उदाहरण घ्या. एकसरीत जोडलेल्या 16 दिव्यांपैकी एकाची तार तुटली, तर सारेच विझतात. पहिल्यापासून एकेक दिवा तपासणारा मनुष्य कष्टाळू खरा, पण शहाणा नव्हे. शहाणा मनुष्य माळेच्या मध्यावर तपासणी करतो. दोष कोणत्या अर्ध्यात आहे ते कळले की त्या अर्ध्याचा मध्य. अशा चार तपासण्यांत 16 पैकी नेमका दिवा सापडतो.

अर्जाचेही तसेच करावे. अर्ज रचणाऱ्याने मध्यावर, म्हणजे तालुक्याच्या चौकटीनंतर, तात्पुरती एक साधी पाटी लावावी आणि निवडलेल्या तालुक्याचा संकेतांक तीवर उमटतो का ते पाहावे. उमटला, तर अलीकडचा अर्धा भाग निर्दोष. आता शोध फक्त पलीकडे.

पलीकडे काय बिघडले असेल? येथे लक्षणेच पुष्कळ सांगतात. इतर तालुके निवडून पाहा. कोणत्याच तालुक्याची गावे येत नसतील, तर पहिला संशय आधारावर घ्यावा. आतल्या चौकटीला 'गावे दाखव' एवढेच सांगितलेले असते. कोणाची गावे, हे ती आपल्या बाहेरच्या चौकटीकडून घेते. धारणीच्या बाजारात उभे राहून "तहसील कचेरी कोठे?" असे विचारले, तर धारणीचीच कचेरी अभिप्रेत असते, तसेच हे. पण पुष्कळदा आतला भाग दुसऱ्या कोणीतरी स्वतंत्रपणे तयार केलेला असतो आणि त्याने तो स्वतःचाच आधार मानावा अशी योजना करून ठेवलेली असते. एकटा असताना तो ठीक चालतो. दुसऱ्याच्या पोटात बसविला की 'गावे' तो स्वतःतच शोधू लागतो. तेथे ती नसतात.

मग संगणक तक्रार का करीत नाही? मायक्रोसॉफ्टच्या 2006 साली आलेल्या डब्ल्यूपीएफ या प्रणालीत अशी जोडणी फसली, तर कार्यक्रम थांबत नाही. रचनाकाराच्या नोंदखिडकीत एक ओळ उमटते, इतकेच. यात थोडे तथ्य आहे. माहिती येऊन पोचण्यापूर्वी चौकट क्षणभर रिकामी असणे स्वाभाविक आहे, आणि दर वेळी कार्यक्रम बंद पडू लागला तर तो वापरणार कोण? तरीही ती नोंदखिडकी न उघडता तर्क लढवीत बसणाऱ्यांचे मला नवल वाटते. मीटर टेबलावर असताना विद्युत्प्रवाहाचा अंदाज बोटाने घ्यावा, तसा हा प्रकार!

काही तालुक्यांची गावे येतात व काहींची येत नाहीत, असे असेल तर आधार ठीक आहे. जुळणी बिघडली आहे. 2011 च्या जनगणनेत अमरावती जिल्ह्याचा संकेतांक 503 आहे व अकोल्याचा 501. तालुक्यांचे संकेतांक पाच आकडी असून शून्याने सुरू होतात. एका कोष्टकात ते अक्षरे म्हणून ठेवले आणि दुसऱ्यात संख्या म्हणून, तर संख्येतील आरंभीचा शून्य गळतो व जुळणी होत नाही. नावांवरून जुळणी करणे तर अधिकच धोक्याचे. तिवसा तालुक्यातील 'कुऱ्हा' हे नाव पाहा. त्यातील 'ऱ्ह' संगणकावर एकाहून अधिक रीतींनी साठविता येतो. डोळ्याला दोन्ही 'कुऱ्हा' सारखेच दिसतात, पण संगणक अंतर्गत संकेत ताडून पाहतो आणि ते वेगळे निघाले की त्याच्या लेखी गावेही वेगळी.

दुसरा तालुका निवडून पुन्हा धारणीवर आले की गावे दिसतात, असे घडले तर दोष तिसराच. यादी उशिरा आली आणि ती आल्याची वर्दी चौकटीला मिळाली नाही.

हे सारे शाळेच्या संगणकावर करून पाहता येईल. एक्सेलच्या तक्त्यात एका स्तंभात अमरावतीचे तालुके लिहा व त्या पट्ट्याला जिल्ह्याचे नाव द्या. प्रत्येक तालुक्याखाली त्यातील चारपाच गावे लिहून त्या पट्ट्याला तालुक्याचे नाव द्या (नावे रोमन लिपीत लिहिलेली बरी). मग 'डेटा व्हॅलिडेशन' मध्ये यादी निवडून 'इन्डायरेक्ट' या सूत्राने दुसरी चौकट पहिलीला व तिसरी दुसरीला जोडा.

धारणी, मोर्शी, वरूड ठीक चालतील. चांदूर रेल्वे निवडताच यादी उघडेनाशी होईल. पट्ट्याच्या नावात मोकळी जागा चालत नाही, म्हणून आपण तेथे जोडरेघ खाली ओढलेली असणार, आणि चौकटीतल्या नावात मात्र मोकळी जागाच आहे. सूत्रात 'सब्स्टिट्यूट' वापरून जागेऐवजी ती रेघ घाला, म्हणजे चांदूर बाजार, नांदगाव खंडेश्वर, अंजनगाव सुर्जी हेही मार्गी लागतील.

आता अमरावती जिल्ह्यातील 'अमरावती' हा तालुका निवडा. गावांच्या जागी पुन्हा तेच 14 तालुके हजर! जिल्ह्याचे आणि तालुक्याचे नाव एकच. संगणकाने बिचाऱ्याने तरी काय करावे? येथे नावाऐवजी संकेतांक वापरावा लागतो.

शेवटी धारणी व हरिसाल निवडलेले तसेच ठेवून जिल्हा बदलून 'अकोला' करा. तालुक्याच्या चौकटीत 'धारणी' तशीच राहते आणि तक्ता अकोला जिल्ह्यातील हरिसाल बिनतक्रार स्वीकारतो. बाहेरची निवड बदलताच आतल्या दोन्ही चौकटी कोऱ्या होतील अशी व्यवस्था तुम्हांला करता येते का ते पाहा. मात्र ती करताना एक जपा : जुना, भरलेला अर्ज नुसता उघडला, तर त्यातील गाव पुसले जाता कामा नये.