एका लिटरचा हिशेब

कला शाखेतल्या मुलीने मोटारीच्या पेट्रोलवर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच, आणि ती पायरी पेट्रोलच्या हिशेबावर उभी आहे.

पन्हाळगडावर आमची झुणका-भाकरीची टपरी आहे. आबा रोज सकाळी जुन्या, सेकंडहँड अल्टोतून कोल्हापूरला उतरतात. लक्ष्मीपुरीतून डाळ-पीठ आणि मार्केट यार्डातून कांदा-वांगी घेऊन वर येतात. जाताना मला कॉलेजला सोडतात. फेरी ४४ किलोमीटरची. २०२१ साली पेट्रोलने लिटरला शंभरी ओलांडली, तेव्हापासून आई दर महिन्याला विचारायची, "गाडीपायी उरतंय तरी काय?" दुसऱ्या वर्षाची फी भरायची वेळ आली, तेव्हा याच प्रश्नाला दुसरे तोंड फुटले : "पोरीचं कॉलेज पुढं न्यायचं का?"

यावर आबांचा उपाय एकच होता. गड उतरताना इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये सोडायची. ते म्हणायचे, "अगं, गाडी आपसूक खाली जातीया, मग पेट्रोल कशाला जाळायचं?" मलाही ते पटले होते. मात्र गेल्या पावसाळ्यात एका वळणावर समोर म्हशी आल्या. आबांनी ब्रेक दाबला, पुन्हा दाबला, आणि तिसऱ्या वेळी पेडल दगडासारखे घट्ट झाले. हँडब्रेक ओढून, गाडी कडेच्या मातीत घालून आबांनी ती थांबवली. म्हशी वाचल्या, आम्हीही वाचलो. त्या दिवशी मी वर्गात बसले खरी, पण शिकवलेले काही डोक्यात शिरले नाही.

त्यानंतर मी या विषयाच्या मागे लागले. पहिली गोष्ट कळली ती ब्रेकची. आपला पाय ब्रेक दाबतो, त्याला इंजिनाच्या ओढीतून तयार होणाऱ्या निर्वाताची मदत असते. इंजिन बंद केले की साठलेला निर्वात एकदोन दाबांत संपतो. मग पुरे बळ एकट्या पायाला लावावे लागते.

दुसरी गोष्ट अधिक नवलाची होती. मारुती ८०० ही गाडी डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली, तेव्हा तिला कार्बुरेटर होता. त्या काळच्या गाड्यांत उतारावर गाडी गिअरमध्ये असली, तरी इंजिन पेट्रोल ओढत राही. आबा अशाच गाडीवर शिकले; त्यांची समजूत अडाणीपणाची नव्हती, ती त्या यंत्राची होती. आमच्या अल्टोत मात्र इंजेक्टर आहे. गाडी गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलेटरवरचा पाय काढला, की चाकेच इंजिन फिरवतात आणि पेट्रोलचा पुरवठा बंद होतो. वेग फार उतरला, की तो आपोआप पुन्हा सुरू होतो. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायचे, तर त्याला पेट्रोल द्यावेच लागते. म्हणजे उतारावर गिअरमध्ये उतरणे हेच स्वस्त, आणि सुरक्षितही.

आता चढाचा हिशेब पाहू. वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची, हे सूत्र शाळेत घोकले होते. ते कधी कामाला येईल असे वाटले नव्हते. गाडी, माणूस व माल मिळून ९०० किलो धरू. गड कोल्हापूरपेक्षा सुमारे ४०० मीटर उंच. एवढे ओझे वर न्यायला सुमारे ३५ लाख ज्यूल लागतात. एका लिटर पेट्रोलात सव्वातीन कोटींच्या आसपास ज्यूल ऊर्जा असते, पण तिचा साधारण चौथा हिस्साच चाकांपर्यंत पोचतो असे धरले, तर नुसत्या चढाला जवळजवळ ४४० मिलिलिटर पेट्रोल खर्ची पडते. याच हिशेबाने डिकीत विनाकारण पडलेली ३० किलोंची अडगळ दर फेरीला १५ मिलिलिटर खाते. वर्षाच्या ३०० फेऱ्या धरल्या, तर साडेचार लिटर झाले! आम्ही त्याच दिवशी डिकी रिकामी केली.

कंपनीच्या जाहिरातीतला आकडा आपल्या गाडीला का मिळत नाही, असे पुष्कळजण विचारतात. तो आकडा पुण्याच्या ए. आर. ए. आय.सारख्या संस्थेच्या चाचणीतला असतो. तिथे गाडी प्रयोगशाळेत रुळांवर ठराविक वेगाने चालवतात. तिथे ना वाघबीळचा घाट, ना रविवारची गर्दी. आपला आकडा आपणच काढावा. टाकी फुल्ल करावी, किलोमीटर लिहून घ्यावेत, पुन्हा फुल्ल करताना किती लिटर बसले ते पाहावे, आणि किलोमीटरला लिटरने भागावे. एका वेळेवर विसंबू नये. चारपाच वेळांची सरासरी घ्यावी.

आमच्या वहीत पहिला आकडा आला १५. मग आम्ही पुढील नेम पाळले. चाकांतली हवा दर पंधरवड्याला, टायर थंड असताना, दाराजवळच्या स्टिकरवर दिली आहे तेवढी ठेवायची. सपाटीवर वेग ४५ ते ५५ च्या दरम्यान, पी. सी. आर. ए. या सरकारी संस्थेचा सल्लाही असाच आहे. चढावर वरच्या गिअरमध्ये इंजिन गुदमरू द्यायचे नाही. क्लचवर पाय विसावू द्यायचा नाही. पुढचे वळण आधी पाहून अ‍ॅक्सिलेटर वेळेवर सोडायचा, कारण प्रत्येक मोठा ब्रेक म्हणजे जाळलेले पेट्रोल वाया घालवणे होय. जुलै २०२५ मध्ये पन्हाळा जागतिक वारसा यादीत गेला. सुट्टीच्या दिवशी नाक्यावर गाड्यांची रांग लागते. तिथे सपाट जागी उभे असताना मात्र इंजिन खुशाल बंद करावे.

चार महिन्यांनी आकडा १८ वर आला. महिन्याला २५ फेऱ्या म्हणजे ११०० किलोमीटर. पूर्वी ७३ लिटर लागत, आता ६१ लागतात. बारा लिटर, म्हणजे बाराशेहून अधिक रुपये दर महिन्याला घरात राहतात. आईने ते डब्यात वेगळे ठेवले आणि फी त्यातूनच भरली.

आमच्या गडावर गंगा, यमुना, सरस्वती या नावांची अंबरखान्याची कोठारे आहेत. १६६० साली सिद्दी जौहरचा वेढा पडला, तेव्हा गडाला आधार होता तो साठवलेल्या धान्याचा. साठा मोजून वापरायचा, ही या गडाची जुनीच शिकवण आहे.

आबा अजून म्हणतात, "चार बुकं शिकली, आता मला गाडी शिकवतीया." पण वाघबीळचा उतार आला, की तिसरा गिअर टाकतात आणि माझ्याकडे न पाहता विचारतात, "वहीत लिवलंस का?"