लावणारा मालक नव्हे

शास्त्रपाठ : १ करिंथ ३:५-९



आदिवासी मुलांच्या शिक्षणासाठी आपण नेमाने देणगी देता. भेट झाली की एक प्रश्न हमखास येतो, "आमच्या मदतीवर शिकलेली मुले पुढे कोण झाली?" प्रश्न मायेचा आहे. पण तो ऐकला की मला एका आदिवासी विद्यार्थी-खेळाडूची आठवण होते.

जयपाल सिंग मुंडा यांचा जन्म १९०३ साली, आजच्या झारखंडमधील खुंटीजवळच्या टकरा गावी झाला. ते रांचीच्या सेंट पॉल या मिशन शाळेत शिकले. तेथील कॅनन कॉसग्रेव्ह या पाळकांनी त्यांची हुशारी ओळखून त्यांना इंग्लंडला नेले. कँटरबरीला मिशनरी सेवक घडवणाऱ्या सेंट ऑगस्टीन महाविद्यालयात ते काही काळ राहिले. पुढे ऑक्सफर्डला गेले, तेथे हॉकी गाजवली आणि विद्यापीठाचा 'ब्लू' हा खेळाडूंचा मान मिळवला. नंतर इंडियन सिव्हिल सर्व्हिससाठी निवड होऊन तेथेच त्यांचे उमेदवारीचे शिक्षण सुरू झाले.

१९२८ साली अॅमस्टरडॅम ऑलिंपिकसाठी भारताचा हॉकी संघ प्रथमच निघाला. मुंबईच्या बंदरावर त्याला निरोप द्यायला मोजून तीन माणसे आली होती, असे सांगतात. कर्णधारपद जयपाल सिंगांकडे आले. मात्र खेळण्यासाठी रजा मिळेना. एकीकडे साहेबाची नोकरी, दुसरीकडे देशाचा संघ. ते रजेविना गेले.

त्या संघाने ऑस्ट्रियाला ६-०, बेल्जियमला ९-०, डेन्मार्कला ५-० आणि स्वित्झर्लंडला ६-० असे हरवले. २६ मे रोजी अंतिम सामन्यात नेदरलँड्सवर ३-० असा विजय मिळाला. एकूण २९ गोल केले, एकही घेतला नाही. भारताचे हॉकीतले हे पहिले सुवर्णपदक. पण त्या अंतिम सामन्यात कर्णधार मैदानावर नव्हते. संघाच्या व्यवस्थापनाशी मतभेद होऊन ते आधीच निघून गेले होते.

परतल्यावर, उमेदवारीचे आणखी एक वर्ष भरा, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी ती नोकरीच सोडली.

आता क्षणभर थांबू या. त्यांच्या शिक्षणाला हातभार लावणाऱ्या एखाद्याने १९२८ च्या अखेरीस हिशोब मांडला असता, तर काय दिसले असते? मुलगा पाळक झाला नाही. कलेक्टर होण्याची वाट सोडली. अंतिम सामनाही खेळला नाही. मदत वाया गेली, असेच कोणी म्हटले असते.

पण हिशोब तेथे संपला नव्हता. १९३९ साली ते आदिवासी महासभेचे अध्यक्ष झाले. १९४६ साली संविधान सभेत उभे राहून त्यांनी आदिवासींची बाजू मांडली. ज्या 'जंगली' शब्दाने लोक हिणवत, तो त्यांनी तेथे अभिमानाने स्वतःला लावला.

करिंथच्या मंडळीत कोण पौलाचा, कोण अपुल्लोसाचा, असा वाद होता. प्रेषिताने त्यांना शेतीच्या भाषेत समजावले. लावणारा वेगळा, पाणी घालणारा वेगळा, पण वाढवणे देवाच्या हाती. शेतही त्याचेच आहे. म्हणजे आपण राबणारे आहोत, मालक नव्हे.

हे मला स्वतःलाच शिकावे लागले. मीही मुलांकडून पदकाचा, पदवीचा फोटो मागत आले, कारण अहवालात तोच शोभतो. एकदा एक मुलगी धावण्याच्या स्पर्धेतून हरून परतली. फोटो नव्हता, म्हणून मी तिच्याविषयी एक ओळही लिहिली नाही. तिला ते कळले होते. "बाई, मी हरले म्हणून का?" असे तिने विचारले, तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते.

मुलांनी कष्ट करावेत, शिस्त पाळावी, हे आपण जरूर सांगावे. पण त्यांनी कोणती वाट धरावी, हे आपली देणगी ठरवू शकत नाही.

मननासाठी प्रश्न
१. आपण ज्या मुलाला मदत करतो, त्याच्याकडून मनातल्या मनात काय मागतो?
२. तो हरून परतला किंवा वेगळ्या वाटेने गेला, तर आपले प्रेम टिकेल का?
३. या तिमाहीत यश न मिळालेल्या एका मुलाला आपण पत्र लिहू शकतो का?

प्रार्थना : हे प्रभू, आम्हांला मोकळ्या हाताने द्यायला शिकव आणि वाढ तुझ्यावर सोपवायला शिकव. आमेन.