फोनचा पडदा संगणकावर

फोनवरील ताळेबंद साऱ्या वर्गास दाखवावयाचा असल्यास तार लागतेच असे नाही. २०१२ साली वाय-फाय अलायन्सने आणलेल्या ‘मिराकास्ट’ पद्धतीत फोन आपल्या पडद्यावरील चित्राची माहिती संक्षिप्त करून रेडिओलहरींनी थेट संगणकाकडे पाठवितो. इंटरनेटची गरज नसते. विंडोज १० वा ११ मध्ये ‘वायरलेस डिस्प्ले’ हा भाग बसवून ‘प्रोजेक्टिंग टू धिस पीसी’ सुरू करावे; ही सोय असलेल्या अँड्रॉइड फोनवर ‘कास्ट’ निवडावे. आयफोनमध्ये मिराकास्ट नाही.

सराफ्यात पैसे देताना आपण फोन हाताआड धरतो. येथे मात्र अवचित आलेला बँकेचा ओटीपीही वर्गापुढे झळकतो. म्हणून आधी सूचना बंद कराव्यात, जोडणीस पिन ठेवावा आणि काम होताच जोडणी तोडावी.