पिकअपचा तोल : पाटे, शॉकअप आणि घाटातलं वळण

इंजिन, जाळी, बर्फ, डिझेल यांवर आपल्या पेजवर नेहमी बोलणं होतं. पण मासळी बंदरावरून बाजारात नेणारी पिकअप बंद पडेपर्यंत तिच्याकडे कोणी बघत नाही. आज तिच्या खालच्या अंगाविषयी, म्हणजे सस्पेन्शनविषयी. होडीचा तोल ज्याला कळतो, त्याला हा विषय अवघड नाही.

आधी स्प्रिंग आणि शॉकअप यांची कामं वेगवेगळी समजून घ्या. बरेच जण दोन्ही एकच धरतात. वजन पेलतं ते स्प्रिंग. आपल्या बहुतेक पिकअपना मागे पाटे असतात, पुढे कॉइल किंवा पाटेच. खड्डा आला की पाटा दबतो आणि परत उसळतो. त्याला थोपवायला काही नसेल तर गाडी उसळतच राहील. ही उसळी मारायचं काम शॉकअपचं. आतल्या तेलातून पिस्टन सरकतो, बारीक भोकांतून तेल जाताना अडतं आणि हालचालीचा जोर उष्णतेत जिरतो. लांब खराब रस्ता कापल्यावर शॉकअप हाताला गरम लागतो तो यामुळेच. पाट्यांच्या थरांत एकमेकांवर घासून थोडी उसळी जिरते, पण तेवढ्यावर भागत नाही.

शॉकअप गेला तर फक्त अंग हलतं असं समजू नका. उसळलेलं चाक तेवढा वेळ रस्त्यावर नीट टेकलेलं नसतं, आणि न टेकलेलं चाक ब्रेकही लावत नाही, वळतही नाही. शॉकअपच्या अंगावर तेल ओघळलेलं दिसलं किंवा टायर हाताला उंचसखल लागला तर तो बदलायला झाला. गाडीचा कोपरा दाबून सोडायची जुनी युक्ती कारला ठीक आहे. कडक पाट्यांच्या पिकअपला तिच्यावर विसंबू नका.

आता वळण. वळणावर गाडीला बाहेर ओढणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ४० च्या जागी ६० ने वळलात तर वेग दीडपट, पण जोर सव्वादोन पट. त्या जोराने वजन आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकतं. किती सरकणार हे मालाच्या उंचीवर ठरतं. होडीत निरम तळाशी का घालतात हे आपल्या तांडेलाला सांगावं लागत नाही. पण तोच माणूस पिकअपमध्ये रिकामे क्रेट खाली आणि बर्फाने भरलेले वर चढवू देतो!

साधा हिशेब मांडतो. दोन चाकांतलं अंतर दीड मीटर, भरलेल्या गाडीचा वजनाचा मध्य जमिनीपासून ९० सेंटिमीटरवर, आणि वळणाची त्रिज्या ३० मीटर. कागदावर ही गाडी साधारण ५६ च्या वेगाला आतली चाकं उचलेल. क्रेटची थप्पी वाढवून मध्य १२० सेंटिमीटरवर नेला, तर तीच गाडी त्याच वळणावर ४९ लाच उचलेल. प्रत्यक्षात पाटे दबतात, गाडी कलते, त्यामुळे हा आकडा याहून खालीच येतो. ओल्या रस्त्यावर उलटण्याआधी टायर घसरतात, पण घसरत जाऊन कठड्याला किंवा साइडपट्टीला चाक अडलं की पुढचं सांगायला नको.

दुसरी गोष्ट, पाणी. होडीच्या तळात मोकळं पाणी साचलं की ते कलत्या बाजूला धावतं आणि होडी आणखी कलते. टाकीत जिवंत कोळंबी किंवा बीज नेताना तेच होतं. टाकी अर्धी भरून नेणं सगळ्यात वाईट. एक मोठी टाकी नेण्यापेक्षा लहान दोन-तीन काठोकाठ भरून न्या, किंवा टाकीत पडदे बसवून घ्या. बर्फाचं पाणी मात्र डब्यात धरा, रस्त्यावर सोडू नका. वळणावर मासळीचं पाणी सांडलं की मागून येणारा दुचाकीवाला आडवा होतो.

माल मागे-पुढे कसा ठेवायचा? मागच्या एक्सलच्या मागे टांगलेलं वजन पुढची चाकं उचलतं. दोन एक्सलमधलं अंतर ३ मीटर असेल आणि ३०० किलो माल मागच्या एक्सलपासून ६० सेंटिमीटर मागे ठेवला, तर पुढच्या चाकांवरचे ६० किलो कमी होतात. स्टेअरिंग हलकं लागतं, ड्रायव्हर खूश होतो. प्रत्यक्षात गाडी वळणात सरळ जाऊ बघत असते. होडी मागे बसली, नाळ वर आली की सुकाणू कसं वागतं ते आठवा. जड माल केबिनला लागून ठेवा.

आणि तो एक्स्ट्रा पाटा. गाडी बसते म्हणून गॅरेजवाला एक-दोन पाटे जास्त घालून देतो, ही आपल्याकडची सर्रास पद्धत. पाट्याने गाडी उंच उभी राहते, एवढंच. ब्रेक, टायर, एक्सल, बेअरिंग तेवढेच राहतात आणि मागची बाजू वर गेल्याने मालही वर जातो. बाजारातून रिकामं परतताना तर मागची चाकं नुसती उड्या मारतात. पावसात घाट उतरताना मागची बाजू सुटते ती अशीच. माझ्या मते जास्त पाटा घालण्यापेक्षा एक खेप जास्त मारावी. डिझेल जाईल, चालेल.

गाड्या बाजारात येण्याआधी हे सगळं तपासलं जातं. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात, म्हणजे जुन्या पवारांच्या मुलखात, पिथमपूरला नॅट्रॅक्स हे चाचणी केंद्र आहे. जागा सुमारे ३,००० एकर. तिथला ११.३ किलोमीटरचा वेगाचा ट्रॅक २९ जून २०२१ ला सुरू झाला. त्याची वळणं बशीच्या काठासारखी कललेली आहेत, म्हणून तिथे वेगातली गाडी स्टेअरिंगशी न झगडता वळते. पण आपल्या कामाचे ट्रॅक तिथले वेगळे: मोठ्या सपाट गोलात गाडी फिरवून ती कुठे सुटते ते बघतात, दगडी फरसबंदीच्या रस्त्यावर पाटे-बुश थकेपर्यंत पळवतात, ओल्या पट्ट्यावर ब्रेक मारतात. नंबर प्लेटबरोबर येणारी वजनाची मर्यादा अशा चाचण्यांवर उभी असते. तुमच्या चार पाट्यांच्या जागी सहा झाले की त्या चाचण्यांचा तुमच्या गाडीशी संबंध उरत नाही.

आपल्या गाड्यांना वेगळा शत्रू म्हणजे खारं पाणी. पाट्यांच्या थरांत मीठ बसतं, गंज खड्डे पाडतो आणि पाटा तिथूनच तडकतो. खेप संपली की गोड्या पाण्याने खालून धुवा, विशेषतः यू-बोल्ट आणि शॅकलच्या जागा. काही जण गंज नको म्हणून खालून जळकं ऑइल मारतात. ते रबरी बुशवर गेलं की रबर फुगतं, सैल होतं आणि गाडी एका बाजूला ओढायला लागते. मग अलाइनमेंट कितीही करा, टायर आतून खातच राहणार.

टायरची हवा दरवाज्याच्या चौकटीवरच्या पट्टीत लिहिलेली असते, भरलेल्या आणि रिकाम्या गाडीची वेगळी. ती गार टायरमध्ये मोजायची. १ जून ते ३१ जुलैच्या बंदीत होडी वर ओढली की पिकअपही दोन दिवस गॅरेजला लावा. पाटे उतरवून सेंटर बोल्ट, बुश आणि बॉल जॉइंट बघून घ्या, यू-बोल्ट कसून घ्या. नवे पाटे बसवले असतील तर थोडं चालवून यू-बोल्ट परत एकदा कसावे लागतात, हे मेकॅनिकला सांगून ठेवा.