जर्मन शेफर्डची घराणी आणि पिल्लाची निवड

वस्तीवर राहणाऱ्या कुटुंबाला राखणीचा कुत्रा लागतोच. डाळिंबाची बाग, कोंबड्यांची शेड, विहिरीवरील मोटार आणि गोठ्यातील जनावरे यांची रात्रभर राखण माणसाने करायची म्हटली तर दिवसाची कामे उरकत नाहीत. पूर्वी गावठी कुत्र्यावर भागत असे आणि खरे सांगायचे तर पुष्कळ ठिकाणी आजही ते उत्तम भागते. परंतु अलीकडे बागायती भागात जर्मन शेफर्डचे पिल्लू आणण्याकडे बराच कल दिसतो. आपल्याकडे या कुत्र्याला ‘अल्सेशियन’ म्हणतात. पिल्लासाठी काही हजार रुपये मोजले जातात आणि दीड-दोन वर्षांनी तक्रारी सुरू होतात. कोणाचा कुत्रा मागचे पाय ओढतो, कोणाचा फटाका वाजला की बाजेखाली शिरतो, तर कोणाचा घरातल्याच मुलावर धावून जातो. मग मालक म्हणतो, जातच खोटी निघाली. बहुतेक वेळा जात खरीच असते, पण तिच्यातले घराणे कोणते हे पाहिलेले नसते.

खिलार बैल घेताना आपण नुसते ‘खिलार’ म्हणून पैसे मोजत नाही. म्हसवडकडचा आहे, आटपाडीकडचा आहे की नकली आहे, हे पाहतो. कारण चाल, रंग, ताकद आणि स्वभाव यांत फरक पडतो हे आपल्याला ठाऊक असते. जर्मन शेफर्डमध्येही असेच आहे. पिल्ले विकणारे त्याला ‘लाइन’ म्हणतात. आपण घराणे म्हणू.

मूळ मेंढपाळाचा कुत्रा

ही जात मुळात मेंढपाळांची. जर्मनीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत प्रत्येक मुलखाचा मेंढपाळी कुत्रा वेगळा होता. मध्य जर्मनीतील थुरिंगियाच्या डोंगराळ भागातला कुत्रा लहान चणीचा, करड्या रंगाचा, उभ्या कानांचा आणि फार चपळ. दक्षिणेकडील वुर्टेम्बर्गमधले मेंढपाळ मोठे कळप घेऊन लांबवर फिरत. त्यांचा कुत्रा थोराड हाडाचा, लांब ढांगेचा आणि शांत, पण कान मात्र बहुधा उभे नसत. माक्स फॉन स्टेफानिट्झ या घोडदळातील अधिकाऱ्याने १८९९ च्या एप्रिलमध्ये कार्ल्सरुहे येथील प्रदर्शनात एक कुत्रा विकत घेतला व त्याचे नाव होरांड फॉन ग्राफ्राट असे ठेवले. त्याच महिन्यात जर्मन शेफर्ड संघाची स्थापना झाली. संघाच्या वंशनोंदवहीत पहिला क्रमांक होरांडचा आहे. पुढे निरनिराळ्या मुलखांतील कुत्र्यांचा हेतुपूर्वक संकर करून आजची जात घडली.

या कुत्र्याचे मूळ काम समजून घेण्यासारखे आहे. जर्मनीत शेतांना कुंपण नसे. दोन पिकांच्या मधल्या पडीक पट्ट्यात मेंढ्या चारायच्या आणि त्यांचे तोंड पिकाला लागू द्यायचे नाही. कुत्रा त्या पट्ट्याच्या कडेने दिवसभर दुडक्या चालीने येरझारा घालीत असे, म्हणजे कुत्रा हेच कुंपण. मेंढरे घेऊन फिरणाऱ्या आपल्या धनगर बांधवांना या कामाचे मोल वेगळे सांगायला नको. अशा कामाला न दमणारी चाल, मजबूत सांधे आणि स्वतःचे डोके लागते. भित्रा कुत्रा येथे चालत नाही आणि मेंढीचा लचका तोडणारा तर मुळीच नाही. १९०१ पासून संघाने कामाची परीक्षाही सुरू केली.

एका जातीची चार घराणी कशी झाली?

दुसऱ्या महायुद्धानंतर १९४९ मध्ये जर्मनीचे दोन देश झाले आणि या जातीचीही वाटणी झाली. पूर्व जर्मनीत पैदाशीवर सरकारी यंत्रणेचे कडक नियंत्रण होते आणि बाहेरचे रक्त फारसे येत नसे. कुत्रे मुख्यतः सीमारक्षक व पोलिसांसाठी हवे होते. त्यामुळे जाड हाडाचा, मोठ्या डोक्याचा, सरळ पाठीचा आणि गडद रंगाचा कुत्रा तेथे तयार झाला. खुब्याच्या सांध्यांविषयी तेथील निवड काटेकोर होती. शेजारच्या चेकोस्लोव्हाकियात सीमारक्षक दलाने स्वतःचे पैदास केंद्र चालविले. तेथील कुत्रे करड्या रंगाचे, चपळ आणि अतिशय कामसू म्हणून ओळखले जातात.

पश्चिम जर्मनीत दोन तट पडले. एक प्रदर्शनाचा, दुसरा कामाचा. प्रदर्शनवाल्यांनी तांबूस अंगावर काळे खोगीर असलेला देखणा कुत्रा पसंत केला. १९६० च्या दशकाच्या अखेरीस आणि पुढील दहा वर्षांत क्वांटो, कांटो आणि मुट्झ या तीन नरांचा वापर इतका झाला की आजच्या बहुतेक सर्व तांबड्या-काळ्या कुत्र्यांची वंशावळ त्यांच्यापर्यंत जाते. जे वळूच्या बाबतीत होते तेच येथे झाले. एकाच नराची पिल्ले सर्वत्र पसरली की त्याचे गुण पसरतात आणि दोषही पसरतात. कामाच्या तटाने रंगाकडे दुर्लक्ष केले आणि धाडस, वासावरून माग काढणे, चावा धरण्याची ताकद यांवरच निवड केली.

अमेरिकेतील प्रदर्शनाचे घराणे तर आणखी निराळे. तेथे लांबलचक उडती चाल मोलाची ठरली, त्यासाठी मागचे पाय अधिकाधिक वाकलेले निवडले गेले. इंग्लंडमधील जुन्या पद्धतीचा कुत्रा लांब अंगाचा व भारदस्त. पहिल्या महायुद्धानंतर ‘जर्मन’ हा शब्द नको म्हणून इंग्रजांनी त्याला अल्सेशियन म्हटले आणि तेच नाव आपल्याकडे रुजले. इंग्लंडच्या केनेल क्लबने १९७७ मध्ये जर्मन शेफर्ड हे नाव पुन्हा मान्य केले.

आपल्या देशात नोंदणीकृत म्हणून मिळणारी पिल्ले प्रामुख्याने पश्चिम जर्मन प्रदर्शनी घराण्याची असतात. ‘डीडीआर लाइन’ म्हणजे पूर्व जर्मनीची, असे सांगून जास्त किंमत मागितली जाते. १९९० मध्ये दोन्ही जर्मनी एक झाल्या, त्याला तीन दशके उलटून गेली. या काळात ते रक्त इतरांत मिसळले आहे. वंशावळीच्या कागदावर एखादे पूर्व जर्मन नाव चौथ्या पिढीत असेल तर हिशेब करा. चौथ्या पिढीत सोळा पूर्वज असतात, म्हणजे पिल्लात त्याचा वाटा सरासरी सोळावा. एवढ्यासाठी दुप्पट पैसे देण्यात अर्थ नाही.

पाठ आणि खुबा

सर्वांत मोठा प्रश्न मागच्या भागाचा आहे. खुब्याची खोबण उथळ राहते, मांडीच्या हाडाचा गोल तिच्यात घट्ट बसत नाही, सांधा झिजतो आणि कुत्रा लंगडू लागतो. पशुवैद्य याला हिप डिसप्लेसिया म्हणतात. हा दोष आनुवंशिक आहे, परंतु एका जनुकाचा नाही, अनेक जनुकांचा आहे. म्हणून निरोगी आई-बापांच्या पोटीही सदोष पिल्लू निघू शकते, फक्त त्याची शक्यता कमी असते. लहान वयात वाढलेले वजन आणि अति खुराक यांनी तो बळावतो. जर्मन संघाने १९६६ पासून पैदाशीच्या कुत्र्यांच्या खुब्यांची क्ष-किरण तपासणी सुरू केली. ही तपासणी वयाच्या बारा महिन्यांनंतर होते. आंतरराष्ट्रीय पद्धतीत निकाल ए पासून ई पर्यंत देतात. ए म्हणजे निर्दोष, ई म्हणजे अत्यंत सदोष.

पाठीच्या उताराविषयी गैरसमज पुष्कळ आहेत. छायाचित्रात कुत्र्याचा एक मागचा पाय मागे ओढून उभे करतात, त्यामुळे पाठ आहे त्यापेक्षा उतरती दिसते. थोडा उतार जातीच्या प्रमाणातच आहे. परंतु चालताना मागच्या पायांचे घोटे एकमेकांना घासत असतील, कंबर डुलत असेल तर ते सौंदर्य नव्हे. २०१६ मध्ये इंग्लंडच्या क्रफ्ट्स प्रदर्शनात अशाच उतरत्या पाठीच्या कुत्रीला जातीतील पहिले बक्षीस मिळाले तेव्हा मोठी टीका झाली. आमच्या मते प्रदर्शनाची ढाल शेतकऱ्याच्या काही कामाची नाही. त्याला दहा वर्षे बांधावरून चालणारा कुत्रा हवा.

याच जातीत उतारवयात मागचे पाय हळूहळू लुळे पडणारा मज्जारज्जूचा आजारही आढळतो. त्यात वेदना नसतात, म्हणून तो लवकर लक्षात येत नाही. त्याच्याशी संबंधित जनुकाची तपासणी आता उपलब्ध आहे.

वस्तीवर कोणता ठेवावा?

येथे पुष्कळांचा अंदाज चुकतो. कामाच्या घराण्याचा कुत्रा म्हणजे राखणीला सर्वांत चांगला, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण हा कुत्रा रोज तास-दोन तास काम मागतो. त्याला दिवसभर साखळीने बांधून रात्री सोडला की साठलेली ताकद तो दूधवाल्यावर, शेळ्यांवर किंवा मुलांवर काढतो. घरात शिकवायला वेळ देणारा कोणी असेल तरच असा कुत्रा घ्यावा. चेक घराण्याच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे.

बहुतेक वस्त्यांना मध्यम स्वभावाचा, सरळ पाठीचा, निर्भय आई-बापांचा कुत्रा पुरतो, मग घराण्याचे नाव कोणतेही असो. राखणीसाठी चावण्यापेक्षा वेळेवर भुंकणे अधिक उपयोगी पडते. कुत्र्याचा आकारही बेताचाच असावा. प्रमाणानुसार नराची उंची ६० ते ६५ सें.मी. आणि वजन ३० ते ४० किलो, मादीची उंची ५५ ते ६० सें.मी. आणि वजन २२ ते ३२ किलो असते. ५० किलोचा नर आहे असे कोणी अभिमानाने सांगितले तर तो दोष समजावा. ‘डबल बोन’ आणि ‘डबल कोट’ हे बाजारातले शब्द आहेत. डबल बोन असा काही शास्त्रीय प्रकार नाही. दुहेरी केस, म्हणजे वर राठ आणि आत मऊ, हे तर या जातीत सर्वांनाच असतात. लांब केसांचे पिल्लू दिसायला छान, पण गोचीड शोधायला अवघड.

पिल्लू घेण्यापूर्वी

पिल्लापेक्षा आधी आई पाहावी. विक्रेता आई दाखवीत नसेल तर परत यावे. अनोळखी माणूस पाहून ती थोडी सावध होणे ठीक. परंतु शेपूट पायात घालून कोपऱ्यात जाणारी किंवा अकारण अंगावर येणारी नको. भित्रेपणा पिल्लांत उतरतो आणि आईला पाहूनही पिल्ले तो शिकतात. तिला वीस-पंचवीस पावले दुडकी चालवून मागून पाहा. बापाचा व आईचा खुब्याचा निकाल कागदावर मागा. ‘तपासले आहे’ हे तोंडी सांगणे पुरेसे नाही.

वंशावळीत तेच नाव बापाकडे आणि आईकडे दोन्हीकडे दिसते का, ते पाहावे. जर्मन कागदांवर हे ३-४ अशा आकड्यांनी दाखवितात, म्हणजे तो पूर्वज एका बाजूने तिसऱ्या व दुसऱ्या बाजूने चौथ्या पिढीत आहे. २-२ किंवा २-३ असे जवळचे आकडे असतील तर ते पिल्लू टाळावे. जर्मनीत पैदाशीसाठी निवड होण्याआधी कुत्र्याला सायकलबरोबर २० किलोमीटर धावावे लागते आणि कामाची परीक्षा द्यावी लागते. आपल्याकडे सर्वच ठिकाणी एवढे होत नाही, म्हणून ही चौकशी आपणच करावयाची.

संगोपनातील काही गोष्टी

आठ आठवडे पूर्ण होण्याआधी पिल्लू आईपासून तोडू नये. नुसत्या दूध-भाकरीवर ही जात नीट वाढत नाही, अंडी किंवा मांस यांची जोड हवी. मात्र हाड मजबूत व्हावे म्हणून कॅल्शियमच्या बाटल्या पाजणे टाळावे. मोठ्या जातीच्या पिल्लांत जादा कॅल्शियमने हाडांची वाढ बिघडते. वर्षाच्या आत जिने चढणे, उंच कट्ट्यावरून उड्या मारणे, मोटारसायकलमागे पळविणे नको. कांदा, लसूण खाऊ घालू नये.

लसीकरण सहा ते आठ आठवड्यांपासून पशुवैद्यकाच्या सल्ल्याने सुरू करावे आणि रेबीजची लस तीन महिन्यांनंतर टोचून पुढे दरवर्षी द्यावी. गोचिडांसाठी गोठ्यातल्या जनावरांचे आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन कुत्र्यालाही परस्पर टोचण्याची पद्धत काही ठिकाणी आहे, ती धोक्याची आहे. या जातीतील काही कुत्र्यांत, विशेषतः पांढऱ्या रंगाच्या, असा जनुकीय दोष असतो की हे औषध मेंदूपर्यंत पोचते आणि कुत्रा झोकांड्या खाऊन दगावू शकतो.

विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात या थंड मुलखातल्या कुत्र्याला दाट सावली आणि दिवसभर पाणी लागते. पत्र्याच्या शेडखाली त्याला बांधू नये. त्याचे केस मुळापासून कापू नयेत, आतील मऊ केस विंचरून काढावेत. फिरवणे पहाटे किंवा दिवस मावळल्यावर. जुन्नर, संगमनेर यांसारख्या ऊसपट्ट्यात बिबट्याचा वावर असेल तर कुत्रा हेच बिबट्याचे भक्ष्य ठरते, म्हणून रात्री त्याला अंगणात साखळीला न ठेवता वरूनही जाळी असलेल्या बंदिस्त पिंजऱ्यात ठेवावे. तेथून तो भुंकून जागे करील, तेवढे पुरे.